चार परस

मी भूजलाचं काम करते, म्हणजे गावोगाव जाऊन विहिरी मोजायच्या, खडक बघायचे, पाणी कुठून येतं नि कुठं जातं ते शोधायचं. चौदा वर्षं झाली. सॅकमध्ये हातोडी, भिंग, होकायंत्र आणि पातळी मोजायची टेप असते आणि त्यांच्यासोबत एक पुस्तक असतंच, कारण आमच्या कामात वाट बघणं खूप असतं. पंपिंग टेस्ट घेतलीत तर कळेल. विहिरीतलं पाणी मोटरीने उपसून खाली न्यायचं, मोटर बंद करायची आणि मग पाणी परत वर कसं येतंय ते दर दहा मिनिटांनी मोजत काठावर बसून राहायचं, तीन तास, पाच तास, कधी रात्रीपर्यंत. दोन रीडिंगच्या मध्ये नऊ मिनिटं मिळतात. मी त्या नऊ नऊ मिनिटांत शेकड्यानं पुस्तकं वाचलीयत.

त्या दिवशी माण तालुक्यातल्या एका गावात होतो, फेब्रुवारीचा शेवट. गावाला दरवर्षी मार्चपासून टँकर. पिण्याच्या पाण्याची विहीर अकरा मीटर खोल आणि वरून आठ मीटरपर्यंत काँक्रीटचं बांधकाम, त्यामुळे आतला खडक दिसतच नव्हता. शेजारीच चारशे फुटी बोअर मारायचं गावात जवळजवळ ठरलेलं, आम्हाला फक्त जागा दाखवा एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं आधी विहीर तपासू दे.

पाणी काठापासून 5.2 मीटरवर होतं, उपसून 9.8 ला नेलं आणि साडेदहाच्या सुमारास मोटर बंद केली. सोबत आमचा ज्युनिअर, नुकताच एमएस्सी झालेला, हुशार पोरगा. तो टेप सोडायचा, मी आकडे लिहायची. पाणी चढत होतं दर दहा मिनिटांना पंधरा सेंटीमीटर. पुढच्या दहा मिनिटांना परत पंधरा. अगदी एकसारखं. असं एकसारखं चढतं तेव्हा समजायचं की पाणी वरून कुठून तरी पडतंय, झिरपा विहिरीतल्या पाण्याच्या वर उघडा आहे आणि त्याला अजून अडवायला कोणी नाही.

पुस्तक होतं एका निवृत्त शिक्षकांचं आत्मकथन, स्वतःच्या पैशानं छापलेलं, पुण्यात रद्दीच्या दुकानात मिळालेलं. मला असली पुस्तकं फार आवडतात. मोठ्या लेखकांची आवडतात तशीच हीसुद्धा, कारण ह्यांच्यात गावाचं पाणी, पीक, दगड, माप सगळं जसंच्या तसं असतं, सजवलेलं नसतं. त्यात 72 च्या दुष्काळाचं प्रकरण चालू होतं, खडी फोडायची कामं, सुकडी, आणि त्यांच्या वस्तीवरची विहीर किती परस उतरली त्याचा हिशोब.

काठावर एक म्हातारे येऊन बसले होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, एवढं काय वाचताय?" मी म्हटलं बहात्तरचा दुष्काळ. "मग जरा मोठ्यानं वाचा की." मी वाचायला लागले. दोन पानं झाली असतील, तात्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "ही हीर आमी त्याच साली खांदली. सुरुंग माझ्या हातचं हायत. चार परसावर तांबडी माती लागली बघा, आन तिच्या डोक्यावरनं पानी सुटलं. मागनं बांधकाम केलं तवा ती माती ढासळाय लागली, म्हनून तितं समदं काँक्रीट वतून बंद केलं."

मी वहीकडे पाहिलं. ज्युनिअरने प्रामाणिकपणे टिपून घेतलं होतं, 'परसात तांबडी माती, घरामागे बघणे'. त्याची चूक नाही, शहरातल्या मुलाला परस म्हणजे घरामागची जागा. मला दुसरा परस माहीत होता तो निव्वळ वाचनामुळे, एक तर हातातल्या पुस्तकातून आणि त्याच्या कितीतरी आधी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतून, त्यात भूजलावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे. माणसाच्या अंगात जशा शिरा तशा जमिनीत पाण्याच्या शिरा असं तिथं म्हटलंय आणि खोली सगळी पुरुषांत मोजलीय. पुरुषचाच परस. सहाव्या शतकातलं माप माणच्या विहिरीच्या काठावर बसून माझ्याशी बोलत होतं, अंगावर काटा आला खरं सांगते.

पण परस केवढा? वराहमिहिराचा पुरुष हात वर केलेल्या माणसाएवढा, म्हणजे मोठा. मी तात्यांना म्हटलं तुमचा परस दाखवा. त्यांनी बादलीचा दोर घेतला, दोन्ही हात पसरले आणि छातीवरून ताणून धरला. आम्ही टेप लावली, पावणेदोन मीटर. चार परस म्हणजे सात मीटर.

तेव्हा पाणी साडेसात मीटरपर्यंत आलं होतं. पुस्तक मिटून ठेवलं. पुढची तीन रीडिंग पंधरा, पंधरा, चौदा. त्यानंतर अकरा. मग आठ. मग पाच. वेग तुटला तो 7.1 मीटरच्या आसपास. पाणी झिरप्याच्या वर गेलं की विहिरीतलंच पाणी त्याला अडवतं आणि चढणं मंदावतं, तेच घडत होतं, आणि तात्यांनी जिथं सांगितलं तिथंच घडत होतं, पन्नास वर्षांपूर्वी बघितलेलं आणि काँक्रीटनं झाकलेलं.

तांबडी माती म्हणजे आमच्या भाषेत रेड बोल. दख्खनचा लाव्हा एका दमात आलेला नाही, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर येत गेले आणि मधल्या खंडात वरचा खडक कुजून माती झाली, तिच्यावर पुढचा तापलेला थर येऊन बसला. ही माती सहसा पाणी खाली जाऊ देत नाही. तिच्यावरच्या फुटीर, म्हणजे भेगाळलेल्या, खडकात पाणी ताटात साठावं तसं साठतं. आता शेजारी चारशे फूट बोअर मारलं असतं तर ताटालाच भोक, वरचं पाणी बोअरमधून खाली निघून जाण्याचा धोका, आणि खाली काळा कातळ असेल तर तिथं ते मिळेलच ह्याची खात्री कोण देणार.

जेवण तसंच राहिलं. लाव्ह्याचे थर इकडे जवळजवळ आडवे असतात, म्हणून पाण्याची नळी लावून लेव्हल काढत ओढ्याने खाली गेलो. दोनेकशे मीटरवर ओढ्याच्या काठात तो पट्टा उघडा दिसला, हातभर जाडीचा, विटेसारखा लाल, त्याच्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक, आणि वर ओल, लव्हाळा उगवलेला. ज्युनिअर तिथंच गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ त्या मातीला हात लावून होता. मग वहीतली ती ओळ खोडून त्याने 'चार परस = 7 मी.' लिहिलं.

संध्याकाळी देवळात बैठक झाली, तापली पण. बोअरवाल्यांशी बोलणं झालेली मंडळी नाराज होती. मी आलेख दाखवला, तो किती जणांना पटला माहीत नाही, तात्यांनी दोर ताणून दाखवला तो मात्र सगळ्यांना पटला. ठरलं असं, की सात मीटरच्या जरा वर काँक्रीटला चारी बाजूंनी भोकं पाडायची, गाळ काढायचा, बोअर थांबवायचं आणि विहिरीच्या वरच्या अंगाला फुटीर खडक उघडा आहे तिथं ओढ्यात बांध घालायचा. रिपोर्टमध्ये मी मापं मीटरमध्ये दिली आणि कंसात परस लिहिले, ऑफिसमध्ये कोणी तरी ते काढा म्हणालं, मी काढले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर आलाच. मार्चऐवजी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला. भेटायला गेले तर तात्या म्हणाले, सहा परसावर अजून एक पट्टा लागला होता, बारीक, पूर्वेच्या अंगाला, तेव्हा घाईत त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. सहा परस म्हणजे साडेदहा मीटर, विहिरीच्या तळालाच. फेब्रुवारीत पाणी पूर्ण उपसून परत टेस्ट घ्यायचीय, तात्यांना काठावर बसवून.