रेम्ब्रांटची नजर

आजची सगळी दुपार सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांटची आत्मचित्रे मोठी करून पाहण्यात गेली. मार्गारेट लिव्हिंगस्टन आणि बेव्हिल कॉनवे या मेंदूशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये अशा ३६ चित्रांतील बुबुळांची जागा मोजून, त्याचे डोळे एका रेषेत नसावेत आणि म्हणून त्याला त्रिमितीची जाणीव होत नसावी, असे अनुमान मांडले होते. मला सर्वांत पटले ते हे, की तैलचित्रांत ज्या बाजूचा डोळा बाहेर वळलेला दिसतो, त्याच्या विरुद्ध बाजूचा डोळा एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांत, वळलेला आहे. छापताना प्रतिमा उलटते, त्यामुळे खऱ्या दोषाच्या बाबतीत तसेच व्हायला हवे. तरीही आरशात पाहून रंगवताना चित्रकाराची नजर एका डोळ्यावरून दुसऱ्यावर सरकतेच, आणि चित्रातले डोळे त्यामुळेच तसे दिसत असतील, ही शंका मला अजून सोडवत नाही.