खिडकी 20 बाय 24, तरीही नापास

"एवढ्याशा खोपटाला परवाना कसला?" बाबांनी फोनवर विचारलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. हाकेच्या अंतरावर शेजारी नाही, तिथे 380 चौरस फुटांचं लाकडी घर बांधायला कोण अडवणार?

अमेरिकेत सगळीकडे एकच नियम नाही. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड हा घरबांधणीच्या नियमांचा नमुना. राज्य किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) तो आपापल्या फेरफारांसह स्वीकारते. काही ग्रामीण काउंट्यांत कोडच लागू नाही. आमच्याकडे 2018 ची आवृत्ती आहे. तिच्यात 400 चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं: छत 7 फुटांऐवजी 6 फूट 8 इंचांवर चालतं, माळ्यावर चढायला शिडी चालते. पण परिशिष्ट आपोआप लागू होत नाही, काउंटीने ते वेगळं स्वीकारावं लागतं. आमच्या काउंटीने स्वीकारलं होतं, हे नशीब.

नकाशे घेऊन काउंटीच्या कचेरीत गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी घराचं काही विचारलंच नाही. सांडपाणी कुठे सोडणार? गटार नाही म्हणजे सेप्टिक टँक, म्हणजे आधी मातीची परीक्षा. खड्डे खणले, रात्रभर पाणी मुरवलं आणि दुसऱ्या दिवशी एक इंच पाणी जिरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघत बसलो. सावकाश जिरलं तर नापास. फार भराभर जिरलं तरी नापास, कारण मग घाण गाळली न जाताच खाली उतरते. वर टाकीचा आकार बेडरूमच्या संख्येवर ठरतो, घर लहान म्हणून सूट नाही.

खरी फजिती खिडकीने केली. इन्स्पेक्टरने बेडरूमची खिडकी पूर्ण उघडून मोकळ्या जागेला टेप लावली. रुंदी 20 इंच, उंची 24. मी खूश, कोडमधले किमान आकडे हेच! तो म्हणाला, "गुणाकार कर." 480 चौरस इंच, म्हणजे साडेतीन चौरस फूटही नाही. तळमजल्याला 5 लागतात. आग लागली तर आतल्याला बाहेर पडता यावं आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेल्या जवानाला आत शिरता यावं, म्हणून. रुंदी 20 ठेवायची तर उंची 36 हवी. चूक माझीच, वाद घालायला जागाच नव्हती.

नवी खिडकी यायला सहा आठवडे लागले. तोवर भिंतीला भगदाड आणि त्यावर निळी ताडपत्री.