रोहूसाठी गळ किती खोल सोडायचा?

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आटोपली की इंदूरच्या गळवाल्यांत आमिषाची चर्चा रंगते. पेंड कोणती, वास वेलचीचा की बडीशेपेचा? मला विचाराल तर या दिवसांत आमिष दुय्यम. गळ पाण्याच्या कुठल्या थरात लटकतोय, हे आधी बघा.

थंडीत रोहू खोल पाण्यात सुस्त पडून असतो, खाणं नावापुरतं. फेब्रुवारीच्या शेवटी काठालगतचं उथळ पाणी दुपारी तापतं आणि मासा तिकडे चरायला येतो. म्हणून तेव्हा दुपारी बारा ते चार बसावं, एप्रिलमध्ये मात्र पहाटे आणि दिवस मावळताना. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेचा काठ धरा. वरचं कोमट पाणी आणि त्यातलं खाद्य तिकडेच लोटलं जातं. तोंडावर वारा घेऊन गळ फेकणं जिवावर येतं, पण मासा तिथेच असतो.

आता खोली. रब्बीला पाणी सोडल्यामुळे तलावांची पातळी उतरलेली असते, त्यामुळे मागच्या खेपेचं माप कामाचं नाही. गळाला दहा-पंधरा ग्रॅमचं शिसं अडकवून टाका. तरंडा, म्हणजे दोरीवरचा तरंगणारा खुणेचा तुकडा, बुडाला तर पाणी दोरीपेक्षा खोल आहे, तो वर सरकवा. आडवा पडला तर दोरी जास्त झाली. टोक जेमतेम वर राहिलं की माप बरोबर. आजूबाजूला सात-आठ ठिकाणी असंच मापा. जिथे तळ अचानक दोन-तीन फूट खाली जातो, ती जुन्या नाल्याची कड. बैठक तिथेच.

कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात, मृगल तळाशी. रोहूसाठी आमिष तळापासून वीतभर वर ठेवून सुरुवात करा. अर्ध्या तासात हालचाल नसेल तर आणखी वीतभर वर घ्या. मृगलसाठी आमिष तळावर टेकवा आणि त्यापासून चार बोटांवर एक छोटं शिसं चिमटा.

मूळ दोरी 0.28 मिमी, गळाजवळची 0.22 मिमीची, वीतभर. ती पातळ हवी, म्हणजे अडकल्यावर तेवढीच तुटते. गळ 8 नंबरचा, तरंडा दोन ग्रॅमचा. तरंड्याला शिसं इतकं लावा की फक्त रंगीत टोक वर राहील. तरंडा जास्त उचललेला राहिला तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकतो.

आमिषाला दोन वाट्या कणीक, एक वाटी सातू, अर्धी वाटी कुटलेली शेंगदाण्याची पेंड. पाणी थोडं थोडं घाला. कापसाचे चार धागे पिंजून मळले तर गोळी फेकताना सुटत नाही. गोळी बोराएवढी करा आणि काठालगतच्या पाण्यात सोडून बघा: दहा मिनिटं टिकली पाहिजे. फार घट्ट झाली तर झटका दिल्यावर गळाचं टोक गोळीतून बाहेरच येत नाही, आणि बहुतेक मासे सुटतात ते यामुळेच. चारा, म्हणजे मासे जमवायला पाण्यात टाकायचं खाद्य, टाकताना हात आखडता ठेवा. सुरुवातीला संत्र्याएवढे तीन गोळे, मग वीस मिनिटांनी एकेक. पोट भरलेला मासा गळाकडे बघत नाही.

तरंडा थरथरला तर ते बारके मासे, हात लावू नका. रोहू तरंडा तिरका ओढत नेतो, तेव्हा मनगटाने छोटा झटका. मृगल तळावरून आमिष उचलतो, त्याबरोबर शिसंही उचललं जातं, आणि तरंडा बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. नवखे इथे बुडण्याची वाट बघतात आणि मासा जातो. आडवा पडताक्षणी ओढा. रीळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ताण, सैल ठेवा, पहिली धाव त्याला घेऊ द्या.

तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्यावर असतात, आधी विचारून बसा. इंदूरजवळची सिरपूर आणि यशवंत सागर ही पाखरांची पाणथळं, जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीतली. तिथे गळ नकोच. नर्मदेवर महाशीर लागला तर ओल्या हाताने, पाण्यातच गळ काढून सोडा, तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. आणि 16 जून ते 15 ऑगस्ट विणीचा बंदीकाळ. त्याआधीच, मे अखेरीला मादीचं पोट फुगलेलं दिसलं तर तीही परत पाण्यात.