तुम्ही विचारलंत म्हणून: लेखक व्हायचंय, नोकरी सोडू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारणाऱ्यांत नुकतीच पदवी घेतलेली मुलं असतात, बढतीच्या उंबरठ्यावर असलेले अधिकारी असतात, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा वही उघडलेल्या बायका असतात. प्रत्येकाची घालमेल वेगळी असली तरी मनात एक समजूत पक्की असते, की लेखनाला पूर्ण वाहून घेतल्याशिवाय लेखक होता येत नाही.

माझं उत्तर सरळ आहे. सोडू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या लेखनावर माझा विश्वास नाही म्हणून हे सांगत नाहीये. ते लेखन जपायला हवं, म्हणून सांगतेय.

पहिल्या कादंबरीवर घर चालवायचा भार टाकला की ती बिचकते. लिहिताना घाई होते. जे खपेलसं वाटतं तिकडे हात आपोआप वळतो. आणि नकार आला की तो एका हस्तलिखितापुरता राहत नाही, महिन्याचा हिशेबच कोलमडतो. मनापासूनच्या लेखनाला अर्धवट पडून राहण्याची, वर्षभराने पुन्हा उघडलं जाण्याची, सगळं फाडून पहिल्यापासून सुरू होण्याची मुभा लागते. आजवर बहुतेक लेखकांना ही मुभा त्यांच्या दुसऱ्या कामाने दिली आहे.

अँथनी ट्रोलप १८३४ साली ब्रिटिश टपाल खात्यात कारकून म्हणून लागले आणि १८६७ पर्यंत त्या खात्यात राहिले. कादंबऱ्या ते पहाटे, कामावर जाण्याआधी लिहीत. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द, अशी त्यांची शिस्त होती. फ्रान्झ काफ्का १९०८ पासून १९२२ पर्यंत प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत होते. कामाची वेळ दुपारी दोनपर्यंत असल्यामुळे रात्र लिहायला मिळायची. आपल्याकडे श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत कादंबऱ्या लिहिल्या. टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलांना एकटीने वाढवत होत्या, आणि १९७० साली पहिली कादंबरी आली तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. यांतल्या कुणाचंही लेखन ‘फावल्या वेळातलं’ वाटत नाही, कारण त्यांनी फावल्या वेळाची वाट पाहिली नाही. दिवसातला एक ठरावीक तुकडा आधीच बाजूला काढून ठेवला.

म्हणून मी लोकांना उलटा प्रश्न विचारते. नोकरी असावी की नसावी हे राहू द्या, कोणतं काम केल्यावर तुमच्यात लिहिण्याइतका जीव उरतो?

माझ्यापुरतं सांगते. मी सुरुवात मुद्रितशोधनापासून केली. दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं वाचता वाचता एक गोष्ट अंगात मुरली: वाक्य कुठे लंगडतं, ते डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. ऱ्हस्व-दीर्घ तर शिकलेच, पण एखादा परिच्छेद पुढे सरकत का नाही, लेखक एकच गोष्ट तीनदा का सांगतोय, हे ओळखायची सवय तिथे लागली. मग अनुवाद आला. अनुवाद करताना जितकं बारकाईने वाचावं लागतं तितकं आपण एरवी कधीच वाचत नाही. मूळ लेखकाने विशेषण का टाळलं, संवादात माणूस उत्तर देण्याऐवजी खिडकीकडे का बघतो, या प्रत्येक निवडीपाशी थांबावं लागतं. त्यानंतर सबटायटलं केली. पडद्यावर जेमतेम दोन ओळी, त्याही काही सेकंदांपुरत्या. पात्र भडाभडा बोलत असतं आणि तुम्हाला त्याचा राग, त्याचा टोमणा, त्याची लाचारी सहा-सात शब्दांत बसवायची असते. आज माझ्या कथांतले संवाद आखूड असतात आणि वाचकांना ते आवडतात. ती कमाई तिथली आहे.

ही कामं करताना लेखक होण्याची वाट लांबतेय, असं मला कधी वाटलं नाही. वाट तीच होती. कुणाला तरी हवा असलेला मजकूर ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या लांबीत, नीट लिहून देता येणं, हे या व्यवसायातलं निम्मं शिक्षण आहे. पाठ्यपुस्तकाचा धडा, माहितीपटाची संहिता, श्राव्य मालिकेचा भाग, संस्थेचा अहवाल, जाहिरातीचा मजकूर, दुसऱ्याचं आत्मचरित्र शब्दबद्ध करणं: यांतलं काहीही हलकं समजू नका. शिवाय या कामांत संपादक भेटतात, आणि चांगला संपादक भेटण्याइतकं मोठं भाग्य नवोदित लेखकाच्या वाट्याला क्वचितच येतं.

पण सगळ्यांनाच हे मानवत नाही, हेही बघितलंय. दिवसभर शब्दांशी झटापट केल्यावर संध्याकाळी स्वतःचा एक शब्दही सुचत नाही, असे लोक असतात. त्यांनी हिशेबाचं काम करावं, प्रयोगशाळेत करावं, शिकवावं. रशियन कथाकार चेखव डॉक्टर होते आणि त्यांची माणसांची जाण दवाखान्यातही घडली. तुम्ही कुठल्या जातकुळीतले, हे काही महिने स्वतःकडे लक्ष दिलं की कळतं. काम संपल्यावर डोक्यात वाक्यं घोळत असतील तर ते काम ठेवा. नुसता थकवाच उरत असेल तर आधी काम बदला, आणि सगळंच सोडण्याचा विचार त्यानंतर.

अनुवाद आणि मजकूरलेखनाचं क्षेत्र सध्या हललंय, हे लपवण्यात अर्थ नाही. कच्चा मसुदा यंत्र करून देतं आणि माणसाकडे तो सुधारण्याचं काम येतं, बहुधा कमी दरात. तरीही शिकायला येऊ इच्छिणाऱ्याला मी परत पाठवत नाही. वाईट वाक्य ओळखून ते का वाईट आहे हे सांगता येणाऱ्या माणसाची गरज अजून आहे. मात्र सगळी मदार एकाच प्रकारच्या कामावर ठेवू नका.

प्रकाशकाशी होणाऱ्या कराराबद्दल फारसं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. लेखन तुमचं आहे हे सिद्ध करण्यासाठी आधी कुठे नोंदणी करावीच लागते, असं नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या १८८६ सालच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार सदस्य देशांत लेखकाचा हक्क कृती निर्माण होताच सुरू होतो आणि किमान त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं टिकतो. काही देशांनी ही मुदत आणखी वाढवली आहे. इतका दीर्घ हक्क नवा लेखक पहिल्या आनंदात एका सहीने देऊन टाकतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. छापील आवृत्ती, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद, चित्रपट हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळे देता येतात. हक्क कायमचे विकताय की ठरावीक काळासाठी वापरायला देताय, हे करारात शोधा. एकरकमी मानधन की विक्रीवर स्वामित्वधन, तेही बघा. कळलं नाही तर जाणकाराला दाखवा. चांगला प्रकाशक या प्रश्नांनी दुखावत नाही.

“आता उशीर झाला का?” असंही विचारलं जातं. ब्रिटिश लेखिका पेनेलोपी फिट्झगेराल्ड यांचं पहिलं पुस्तक आलं १९७५ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. कादंबरी त्यानंतर दोन वर्षांनी, आणि १९७९ मध्ये बुकर पारितोषिक. त्याआधीची कित्येक वर्षं त्या शिकवत होत्या.

मग नोकरी कधी सोडायची? लेखनाचं काम सलग येऊ लागलं, ते नोकरीच्या वेळेत मावेनासं झालं, आणि काम मिळालं नाही तरी काही महिने निभतील एवढी पुंजी साठली, म्हणजे. मी तेव्हाही एकदम सोडली नाही. आधी अर्धवेळ झाले. हाताशी नियमित काम देणाऱ्या दोन-तीन जागा झाल्यावरच पूर्ण बाहेर पडले. आजही माझं घर माझ्या कथांवर चालत नाही, अनुवादावर चालतं. याची मला खंत नाही. कथा मला हव्या तशा लिहिता येतात.

राहता राहिलं, घरच्यांना काय सांगायचं? ‘मला लेखक व्हायचंय’ या वाक्याने घर घाबरतं, कारण त्यात त्यांना काय करायचंय ते कळत नाही. त्यापेक्षा वेळ सांगा. सकाळी सहा ते साडेसात मी लिहिणार, तेवढ्यात मला हाक मारू नका, साडेसातनंतर मी तुमच्यातच आहे. तुमच्या घरात सकाळ सगळ्यात धावपळीची असेल तर रात्रीचा तास घ्या. पण तो कोणता, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, आणि पाहुणे आले तरी तो मोडू नका.