तळाच्या काळ्या गाळात काय शोधता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सांगलीत विश्रामबागेत राहायला आल्यापासून शेजारी, पाहुणे, एमएस्सीची मुलं, सगळ्यांचा प्रश्न एकच: पेट्रोल-डिझेल सोडून कच्च्या तेलातल्या काळ्या गाळात एवढी वर्षं का घातलीत?

कारण तेल कुठून आलं, हे कित्येकदा फक्त त्या गाळातच शिल्लक असतं.

त्याचं नाव अस्फाल्टीन. टोल्युइन या द्रावकात विरघळतं, हेप्टेन या दुसऱ्या द्रावकात नाही, एवढीच त्याची व्याख्या. जड तेलाच्या नमुन्यात चाळीसपट हेप्टेन ओतून रात्रभर ठेवलं की सकाळी तळाशी तपकिरी-काळे कण बसलेले दिसतात. गाळून वाळवले की चकचकीत काळी भुकटी मिळते. ती तापवली तर वितळत नाही, सरळ कोळसा होते. तिच्या रेणूंत बेंझिनची कडी एकमेकांना जोडून सपाट गाभा झालेला असतो, कडेनं कार्बनच्या साखळ्या असतात आणि अधूनमधून गंधक, नायट्रोजन, निकेल, व्हॅनेडियम. हे गाभे एकावर एक चढून त्यांचे झुबके होतात आणि झुबका जमताना भोवतालचे छोटे, मेणासारखे रेणू आत कोंडले जातात. एकच रेणू पिंजऱ्यासारखा असतो असं मला वाटत नाही. झुरिचच्या आयबीएम प्रयोगशाळेनं 2015 मध्ये एकेका अस्फाल्टीन रेणूच्या प्रतिमा घेतल्या, त्यांत बहुतेक रेणू एकाच सपाट गाभ्याचे दिसले. कोंडण्याचं काम अनेक रेणू मिळूनच करत असणार.

आता हरिपूरची हळदीची पेवं आठवा. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच गेली, पण जुन्या माणसांना माहीत आहे: जमिनीत खोल खड्डा, वरून मातीनं बंद, आत हवा नाही म्हणून कीड नाही, आणि हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी. झुबक्यातल्या रेणूंनाही असंच संरक्षण मिळतं. तेलाचा थर उथळ असेल, तापमान साधारण 80 अंश सेल्सिअसच्या आत असेल, तर तिथले जिवाणू तेल खातात. सरळ साखळीच्या अल्केनांवर, म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनच्या साध्या रेणूंवर, पहिला हात मारतात. कॅनडातलं अथाबास्काचं तेल असंच खाल्लं जाऊन डांबरासारखं घट्ट झालंय. असं तेल गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रावर, घातलं तर नुसता पसरट उंचवटा येतो. झुबक्याच्या आत मात्र जिवाणूंचा शिरकाव होत नाही. तिथले अल्केन वाचतात, आणि ज्यांच्यावरून मूळ खडक, म्हणजे तेल जिथे तयार झालं तो खडक, ओळखायचा ते होपेन, स्टेरेन हे प्राचीन सजीवांपासून आलेले रेणूही. सजीवांच्या अशा खुणा तेलात सापडतात हे 1930 च्या दशकात जर्मनीच्या आल्फ्रेड ट्राइब्स यांनी दाखवलं. त्यांना मिळालेली पॉर्फिरिन नावाची संयुगं थेट हरितद्रव्याशी नातं सांगणारी होती.

झुबका उघडायचा तर ॲसेटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून, बेतानं. रेणूच्या कडा थोड्या ऑक्सिडाइज होतात, बांधणी सैल पडते आणि आतला माल द्रावकात उतरतो. तोच क्रोमॅटोग्राफवर घातला की उंचवट्याऐवजी एकामागून एक अल्केनांची नीट शिखरं उभी राहतात. मला हे आजही फार आवडतं.

पण त्याआधीचं धुणं महत्त्वाचं, आणि मुलं तिथेच घाई करतात. भुकटीच्या पृष्ठभागालाही बाहेरचं तेल चिकटलेलं असतं. ते राहिलं तर आपण बाहेरच्यालाच आतलं समजतो. म्हणून सॉक्सलेटमध्ये, म्हणजे तोच द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात, हेप्टेननं धुत राहायचं, मग भुकटी टोल्युइनमध्ये विरघळवून पुन्हा खाली पाडायची आणि पुन्हा धुवायची. उतरणारं हेप्टेन डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी थांबायचं नाही. शेवटचं धुवण क्रोमॅटोग्राफवर घालायचं आणि रेष सपाट आली तरच पुढे जायचं. ही सपाट रेष न दाखवणाऱ्या निकालावर मी विश्वास ठेवत नाही, तो कुणाचाही असो.

काही जण पुढचा प्रश्न विचारतात: आतलं आणि बाहेरचं तेल वेगळं निघालं तर? तर बहुधा त्या साठ्यात दोनदा तेल आलंय. पहिलं जिवाणूंनी खाल्लं, नंतर दुसऱ्या खडकातून ताजं येऊन मिसळलं. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त दुसरं दिसतं आणि शोध भलत्याच दिशेला जातो. अशा साठ्यावर विहिरींचा खर्च करण्याआधी गाळाच्या आतलं तपासून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगत आले आहे.