दीड वीत

सोमवार, रात्री साडेनऊ

उद्या बाबांना नागपूरला न्यायचे आहे. गाडी ठरली, चालक ठरला, रजेचा अर्ज सकाळीच मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला, आणि तरीही पिशव्या भरून झाल्यावर मी अंगणात जाऊन पुन्हा एकदा आभाळ पाहून आले. आमच्या गावाहून वडकीचा महामार्ग चार किलोमीटरवर आहे आणि तिथवर डांबर आहे. पण आमचा उंबरठा आणि ते डांबर यांच्यामध्ये शंभरेक पावले काळ्या मातीची गल्ली आहे. पाऊस पडला की व्हीलचेअरची पुढची लहान चाके त्या मातीत अशी रुततात की खुर्ची उलट फिरवून, पुढची चाके अधांतरी ठेवून, मोठ्या चाकांवर मागे मागे ओढत न्यावी लागते. हे आम्हाला कुणी शिकवले नाही. पहिल्या पावसाळ्यात खुर्ची बाबांसह पुढे कलंडली तेव्हा आम्ही ते शिकलो.

दोन वर्षांपूर्वी बकऱ्यांसाठी पाला तोडताना बाबा वावरातल्या निंबावरून पडले. १०८ ची गाडी लवकर आली, पण पांदणीच्या चिखलामुळे ती सडकेवरच थांबली, आणि आम्ही घाबरलेल्या माणसांनी बाबांना काखेत आणि गुडघ्यांत धरून उचलले व बंडीत घालून तिथपर्यंत नेले. पाठीच्या कण्याला मार लागलेल्या माणसाला असे वाकवून उचलायचे नसते, फळीवर सरळ ठेवून हलवायचे असते, हे मला नंतर कळले. नुकसान पडताना किती झाले आणि उचलताना किती झाले हे डॉक्टरांना मी कधी विचारले नाही, आणि विचारणारही नाही.

तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. लघवीसाठी नळी आहे. दर काही आठवड्यांनी नागपूरला मूत्रविकार आणि भौतिकोपचार या दोन विभागांत दाखवावे लागते, म्हणजे जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. सुरुवातीला मला वाटले होते की अडचण या किलोमीटरांची असेल.

पहिला प्रयत्न मी साहजिकच १०८ वर केला. पलीकडच्या बाईंनी सौम्यपणे समजावले की ही सेवा आपत्कालीन रुग्णांसाठी आहे, ठरलेल्या तारखेला तपासणीसाठी नेण्या-आणण्यासाठी नाही. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. २०१४ साली ही सेवा राज्यात सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांवर. त्यांतली एक जर बाबांना घेऊन दिवसभर नागपुरात उभी राहिली, तर त्या दिवशी आमच्या भागात साप चावलेल्या माणसाने काय करायचे? १०२ ची गाडी गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी. म्हणजे जो मरणाच्या दारात नाही आणि ज्याच्या घरी बाळंतपणही नाही, पण ज्याला बसता येते आणि चालता येत नाही, त्याच्यासाठी कोणताच क्रमांक नाही.

मग एसटी. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बाबांना यवतमाळला न्यावे लागले होते, कारण चालता येत नाही हे सिद्ध करायलाही आधी तिथे पोहोचावे लागते. प्रमाणपत्रावर अपंगत्व पासष्ट टक्क्यांच्या वर असल्यामुळे बाबांना तिकिटात ७५ टक्के आणि सोबत्याला ५० टक्के सवलत मिळते. सवलत तिकिटाला आहे, पायरीला नाही. बसची पहिलीच पायरी गुडघ्याइतकी उंच, दार अरुंद, मध्ये उभा दांडा. खुर्ची त्या दारातून जातच नाही, आणि माणसाला कडेवर घ्यावे तर वाट पाहणाऱ्या पन्नास जणांसमोर घ्यावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमात शासनाने सर्व प्रकारची वाहने दिव्यांगांना वापरता येतील अशी करावीत, शक्य असेल तिथे जुन्या वाहनांतही तसे बदल करावेत, असे लिहिलेले आहे. मी ते कलम मराठीत उतरवून शाळेच्या फळ्यावर एकदा मुलांना वाचून दाखवले होते. सहावीतल्या एका मुलाने विचारले, "मॅडम, मंग आपल्या गावची बस कवा बदलनार हाय?" बाबांचे सवलतीचे कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात अजून कोरे करकरीत आहे.

हिंगणघाटहून रेल्वेनेही एकदा जाऊन पाहिले. दिव्यांगांचा डबा गाडीच्या टोकाला असतो, गाडी थांबते मिनिट-दोन मिनिटे, आणि फलाट व डब्याची पायरी यांच्यामध्ये जी पोकळी राहते तिच्यावरून दोन अनोळखी माणसांनी बाबांना खुर्चीसकट उचलून आत घेतले. परत येताना आम्ही किरायाची गाडी केली.

किरायाची गाडी म्हणजे आमच्याकडे बहुतेक वेळा बोलेरो. रस्ता कसाही असो, ती जाते. पण तिचे आसन खुर्चीच्या आसनापेक्षा दीड वीत उंच आहे. ही दीड वीत मी स्वतः हाताने मोजली, कारण सगळा प्रवास तिथेच अडत होता. बाबांना तेवढे वर चढवायला चार माणसे लागतात: दोघे काखेत, एक पायांशी, एक आतून ओढायला. निंदण आणि डवरणीच्या दिवसांत, किंवा कापूस फुटला म्हणजे, पहाटे चार माणसे मिळवणे हे गाडी मिळवण्यापेक्षा अवघड असते. शेजारी नाही म्हणत नाहीत, हीच पंचाईत. प्रत्येक वेळी आई आदल्या रात्री चार घरी सांगायला जाते आणि परतल्यावर बराच वेळ कुणाशी बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांनीच जायला नकार दिला. मी खूप विनवल्यावर म्हणाले, "चार जनाईच्या खांद्यावर मानसानं एकदाच जावं, बाई. मी दर महिन्याले जाऊन राहिलो." तीन महिने ते गेले नाहीत, आणि त्या तीन महिन्यांत माकडहाडाशी एक लाल डाग उमटून त्याची जखम झाली, जी बाबांना दुखत नसल्यामुळे आम्हाला उशिरा दिसली. ती भरायला पूर्ण उन्हाळा गेला.

जखमेसाठी जावेच लागले तेव्हा भौतिकोपचाराच्या मॅडमनी सरकफळी दाखवली. तीस इंच लांब, दहा इंच रुंद, दोन्ही टोके उतरती आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत. एक टोक मांडीखाली, दुसरे गाडीच्या आसनावर, आणि मग माणसाने हातांवर जोर देऊन थोडे थोडे सरकायचे. आमच्या सुताराने सागाच्या फळीतून ती दोन दिवसांत करून दिली. मात्र ती दीड वीत चढत नाही. दोन्ही आसने जवळजवळ सारख्या उंचीची हवीत. म्हणून मी टेप घेऊन वडकीच्या स्टँडवर गाड्यांची आसने मोजत फिरले आणि मास्तरीण गाडी घेऊन राहिली अशी बातमी गावात माझ्या आधी पोहोचली. वॅगनआरचे पुढचे आसन खुर्चीपेक्षा चार-पाच बोटेच उंच निघाले, आणि खुर्चीवर जाड गादी ठेवली की तेवढेही उरत नाही. तिचे दारही चांगले रुंद उघडते. पहिल्या वॅगनआरच्या डिकीत गॅसची टाकी होती, त्यामुळे घडी केलेली खुर्ची मागच्या सीटवर माझ्या मांडीवर आली. आता गाडी ठरवताना मी आधी गॅसकिट आहे का ते विचारते आणि भाड्याचे नंतर.

पहाटे साडेचारला निघायचे. निजायला हवे.

मंगळवार, रात्री अकरा

पाऊस आला नाही.

आज बाबा स्वतः गाडीत बसले. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ थांबले आहे. गाडी घरासमोर आणता आली नाही म्हणून गल्लीच्या तोंडाशी लावली; चालक वयाने लहान, आधी कधी असा प्रवासी नेलेला नाही. त्याने सवयीने हात पुढे करून "काकाजी, उचलतो" म्हटले, तेव्हा बाबांनी त्याला खुर्ची फक्त घट्ट धरून ठेवायला सांगितले. खुर्चीचा हाताचा दांडा काढला, पायटे, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्या, बाजूला फिरवले, ब्रेक लावले, फळी सरकवली. धोतर फळीत अडकते आणि कातडीही ओढली जाते, म्हणून आता प्रवासाला पायजमा घालतात. फळीवर नुसते घसरायचे नाही, कातडी घासून पुन्हा जखम होते. दोन्ही हातांवर अंग उचलून इंच इंच पुढे ठेवायचे. पाच-सहा मिनिटे लागली. नांगर धरलेले हात आहेत ते. शेवटी मी एकेक करून पाय उचलून आत ठेवले, आणि गल्लीत तोवर जमलेल्यांपैकी कुणीही पुढे आले नाही याबद्दल मी मनातल्या मनात सर्वांचे आभार मानले.

पाय ठेवताना एक गोष्ट मी कधी चुकवत नाही. गाडीचा तळ इंजिनाच्या बाजूने तापतो आणि बाबांना ते कळत नाही. चटका लागून फोड आला तरी संध्याकाळी मोजे काढल्यावरच दिसेल. म्हणून जाड मोजे, बूट आणि खाली दुहेरी घडीचे गोणपाट. लघवीची पिशवी पोटापेक्षा खालीच राहिली पाहिजे, नाहीतर लघवी उलटी फिरते. ती सीटच्या पुढच्या कडेला तारेच्या आकड्यावर टांगली. प्रवासाच्या दिवशी बाबा पाणी पीत नाहीत, पिशवी भरेल आणि लोकांसमोर रिकामी करावी लागेल या संकोचाने. मागच्या वेळी त्यातूनच जंतुसंसर्ग होऊन ताप आला होता. आज मी बाटलीवर पेनाने रेघा मारल्या होत्या, हिंगणघाटपर्यंत पहिली रेघ आणि जांबपर्यंत दुसरी. दर अर्ध्या तासाने त्यांनी पुढे वाकून बुडावरचा भार हलका करायचा. ते विसरले की चालकच आठवण करून देऊ लागला. वडकीपासून बुटीबोरीपर्यंत त्याने अशी चारदा आठवण करून दिली. भाडे ठरले होते साडेतीन हजार, थांबण्यासह. खरे तर आपण गाडी ठरवतच नाही, ठरवतो तो चालक. ज्याला घाई आहे आणि ज्याला खुर्ची धरायला कमीपणा वाटतो, त्याची गाडी कितीही चांगली असली तरी आमच्या उपयोगाची नाही.

रुग्णालयात चढणावर पुन्हा तीच कथा. एक हात उंची चढायची तर बारा हात लांबीचा उतार हवा, हा साधा नियम आहे. आमच्या घराला हातभरापेक्षा थोडा कमी जोता, त्यासाठी मुरूम आणि सिमेंट घालून करायचा उतार अंगणात सरळ मावेना, म्हणून आम्ही तो मध्ये सपाट जागा ठेवून काटकोनात वळवला. गावच्या गवंड्याला एकदा सांगितल्यावर समजले. शहरातल्या एवढ्या मोठ्या इमारतीच्या त्या विभागाला मात्र तीन पायऱ्यांच्या उंचीसाठी जेमतेम सात-आठ हातांचा उतार आहे, वर गुळगुळीत फरशी बसवलेली, आणि त्याच्या पायथ्याशी आज तीन दुचाक्या लावलेल्या होत्या. चालक गाडी लावायला लांब गेला होता, कारण दाराशी थांबू देत नाहीत. मी एकटी बाबांना वर ढकलू शकत नाही. ओळखपत्र ठेवून तिथली खुर्ची मिळते, पण तिला पायटे नव्हते, म्हणून आमचीच खुर्ची बरी. चालक परत येईपर्यंत आम्ही उतारासमोर पंधरा मिनिटे उन्हात बसून होतो. बाबा दुचाक्यांकडे पाहत म्हणाले, "यायले बी चढता नाई येत वाटते."

दोन्ही विभागांची तपासणी आज एकाच दिवशी झाली. हेही आपोआप घडत नाही. पूर्वी एका विभागाची तारीख मंगळवारची आणि दुसऱ्याची शुक्रवारची मिळायची, आणि खिडकीवरच्या माणसाच्या दृष्टीने त्या नुसत्या दोन तारखा असत. आता मी पहिल्या विभागाची चिठ्ठी दाखवून दुसरीकडे तोच वार मागते, कारण सांगते, आणि बहुतेक वेळा मिळतो. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. नळी बदलण्याचे काम तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर करू शकतील, असे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घेतले आहे. म्हणजे नागपूरच्या दोन फेऱ्यांपैकी एक वाचेल. साध्या प्रश्नांसाठी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येते, त्याने एक फेरी मागेच वाचली होती. पण पाठीची कातडी फोनच्या कॅमेऱ्यातून कुणाला नीट दिसत नाही.

डॉक्टरांनी सगळे प्रश्न मलाच विचारले. बाबांनी उत्तरे दिली.

परत येताना उतरणे सोपे गेले, कारण खुर्चीवरची ती जाड गादी काढली की गाडीचे आसन त्या चार बोटांनी वर राहते आणि फळी खुर्चीकडे उतरती होते. आई दाराशी उभी होती. चार घरी निरोप सांगायला ती काल गेली नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आले.

बुधवार, दुपारची सुट्टी

पुढची तारीख केसपेपरवर काल पाहिली होती, पण दिनदर्शिका आज उघडली. तान्हा पोळा. त्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, महाल-इतवारीकडचे रस्ते माणसांनी भरून जातात, बाह्यरुग्ण विभाग चालू असेल की सुट्टी असेल ते विचारून घ्यावे लागेल, आणि आदल्या दिवशी बैलपोळा असल्यामुळे पहाटे साडेचारला गाडी काढायला आमचा चालक तयार होईल असे वाटत नाही. त्याला फोन केला, तर म्हणाला, "ताई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नोका ठेवू. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी दुसऱ्या कोनालेच गाडी देत नाई, तुमी तारीख घ्या."

तारीख बदलून घ्यायला खिडकीचा फोन तीनदा लावला. लागला नाही, चार वाजता पुन्हा लावीन. बाबांनी सकाळी सुताराला बोलावून घेतले आहे. फळीची गाडीकडची कड अजून थोडी तासून हवी, कालच्याला हाताला लागत होती म्हणाले.