एका ‘ला’चे दोन रस्ते: जर्मन नामे आणि विभक्ती शिकताना

पुण्यात नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिली, पातळी पूर्ण करताना माझा सर्वांत जास्त वेळ नामांवर गेला. क्रियापदांची रूपे पाठांतराने बसली आणि उच्चारही हळूहळू जिभेला सरावले. परंतु नामाआधी डेर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी) आणि डास (नपुंसकलिंगी) यांपैकी कोणते उपपद, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा शब्द, लावायचे आणि वाक्यात गेल्यावर त्याचे डेन होते की डेम, हा प्रश्न प्रत्येक वाक्याला नव्याने उभा राहत असे.

तीन लिंगांची मला स्वतःला फारशी धास्ती वाटली नाही. खुर्ची ‘ती’, टेबल ‘ते’ आणि दरवाजा ‘तो’ हे आपणही तर्काने ठरवत नाही, त्यामुळे निर्जीव वस्तूंना लिंग असणे मराठी माणसाला मुळीच विचित्र वाटू नये. अडचण एवढीच की जर्मनची वाटणी वेगळी आहे. टेबल म्हणजे टिश पुल्लिंगी, तर सूर्य म्हणजे झोने स्त्रीलिंगी. आणि जेवणाच्या ताटाशेजारी मांडलेला चमचा डेर ल्योफेल, काटा डी गाबेल आणि सुरी डास मेसर, अशी तीन वस्तूंची तीन लिंगे. मुलगी या अर्थाचा मेडशेन हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून वर्गात हशा पिकला होता, पण त्याचे कारण साधे आहे: ‘शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागलेले प्रत्येक नाम नपुंसकलिंगीच असते. ‘पोरगे’ आणि ‘लेकरू’ म्हणणाऱ्यांनी त्यावर हसायला नको होते.

शब्दाच्या शेवटावरून लिंग ओळखण्याचे नियम मला खरोखर उपयोगी पडले. उंग, हाइट, काइट आणि शाफ्ट यांनी संपणारी साधित नामे स्त्रीलिंगी, इस्मुसने संपणारी पुल्लिंगी, वारांची व महिन्यांची नावे पुल्लिंगी, आणि जोडशब्दात शेवटच्या नामाचे लिंग चालते. म्हणून हाउस नपुंसकलिंगी असले तरी हाउसट्यूर, म्हणजे घराचे दार, हे ट्यूरप्रमाणे स्त्रीलिंगी. ‘एर’ या शेवटावर मात्र विसंबू नये. लेहरर, म्हणजे शिक्षक, पुल्लिंगी आहे खरा, पण मेसर नपुंसकलिंगी आणि लोणी म्हणजे बुटर स्त्रीलिंगी आहे. अशा शब्दांसाठी वहीत नाम, उपपद आणि अनेकवचन एकत्र लिहून मोठ्याने म्हणणे याला पर्याय नाही.

विभक्तीकडे वळल्यावर मराठीशी असलेला मोठा फरक ध्यानात आला. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी नामच बदलते, ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते. जर्मनमध्ये नाम बहुतेक वेळा जसेच्या तसे राहते आणि विभक्तीचा सगळा भार उपपद उचलते. त्यामुळे लिंग ठाऊक नसेल तर विभक्ती कळूनही वाक्य पूर्ण करता येत नाही. आकुझाटिव्हमध्ये, म्हणजे ढोबळमानाने आपल्या द्वितीयेत, फक्त पुल्लिंगी एकवचन बदलते, डेरचे डेन आणि आइनचे (‘एक’ या अर्थाच्या उपपदाचे) आइनेन होते. डाटिव्हमध्ये, म्हणजे ढोबळमानाने चतुर्थीत, मात्र पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांना डेम, स्त्रीलिंगीला डेर आणि अनेकवचनाला डेन लागते. शिवाय अनेकवचनी नामाच्या शेवटी बहुधा ‘न’ येतो, जसे मिट डेन किंडर्न, म्हणजे मुलांबरोबर.

तक्ता पाठ झाला, तरी गुंता सुटला नाही, कारण तो तक्त्यात नव्हता. तो आपल्या ‘ला’मध्ये होता. शाळेच्या व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींचे प्रत्यय ‘स, ला, ते’ असेच दिलेले असतात. ‘मी मुलाला सफरचंद देतो’ या वाक्यात काही अडत नाही, कारण ज्याला द्यायचे तो डाटिव्हमध्ये आणि जे द्यायचे ते आकुझाटिव्हमध्ये जाते: इश गेबे डेम किंड डेन आपफेल. पण ‘मी त्याला विचारतो’, ‘त्याला फोन करतो’, ‘त्याला मदत करतो’ आणि ‘त्याला उत्तर देतो’ ही चारही वाक्ये मराठीत एकाच साच्यातली आहेत, तर जर्मनमध्ये विचारणे व फोन करणे यांना आकुझाटिव्हचा ‘ईन’ लागतो आणि मदत करणे व उत्तर देणे यांना डाटिव्हचा ‘ईम’. माझ्या मते हे कानानेच बसवावे लागते. हेल्फेन हे क्रियापद मी कधीच एकटे लिहिले नाही. ‘इश हेल्फे ईम’ असे अख्खे वाक्यच वहीत उतरवले.

याच ‘ला’ने दुसरीकडे मोठी मदतही केली. ‘मला पुस्तक आवडते’ हे डास बूख गेफेल्ट मिअर असे जवळपास तसेच उतरते. ‘मला थंडी वाजते’ याचे मिअर इस्ट काल्ट होते. इंग्रजीतून विचार करणारे या वाक्यांपाशी थबकतात, आपण थबकण्याचे कारण नाही. भूक मात्र अपवाद आहे: ती जर्मनमध्ये लागत नाही, ‘माझ्याकडे असते’, म्हणून तिथे इश हाबे हुंगर म्हणावे लागते.

शब्दयोगी अव्ययांपैकी मिट (बरोबर), आउस (मधून), फोन (कडून, चा), त्सू (कडे) यांना नेहमी डाटिव्ह आणि फ्यूर (साठी), ओने (शिवाय), गेगेन (विरुद्ध) यांना आकुझाटिव्ह, हे घोकून झाले. इन (आत), आउफ (वर), उंटर (खाली) यांसारखी नऊ अव्यये मात्र दोन्ही विभक्ती घेतात, आणि इथे आपला ‘त’ही ‘ला’सारखाच वागतो. ‘ती स्वयंपाकघरात जाते’ आणि ‘ती स्वयंपाकघरात आहे’ यांत आपल्याला प्रत्यय बदलावा लागत नाही. जर्मन माणूस पहिल्यात इन डी क्यूशे म्हणतो, दुसऱ्यात इन डेर क्यूशे. पुस्तक टेबलावर ठेवले तर आउफ डेन टिश, ते तिथे पडलेले असले तर आउफ डेम टिश. आपला ‘कुठे’ दोन्हीकडे चालतो, त्यांच्याकडे वोहिन (कुठे जाते?) आणि वो (कुठे आहे?) वेगळे आहेत. म्हणून प्रत्येक वाक्याआधी या दोनपैकी कोणता प्रश्न विचारता येईल ते मनाशी ठरवण्याची सवय मी लावून घेतली. गेनिटिव्हचा, म्हणजे ढोबळमानाने षष्ठीचा, आमच्या पातळीला फारसा संबंध आला नाही, आणि बोलताना त्याच्या जागी बऱ्याचदा फोन हे अव्यय आणि डाटिव्ह ऐकू येत असल्याने मी तो पुढच्या पातळीवर ढकलला आहे.